उघडता येणारी गाडी

जुनी मोटार दुरुस्त करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवा रंग, लखलखते बंपर आणि रॅलीतला फोटो येतो. या पुस्तिकेत ती गाडी जवळजवळ भेटणार नाही. वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट अशा ठिकाणी कुणाच्या वाड्यामागे, गोठ्याशेजारी, टिनाच्या शेडखाली वर्षानुवर्षं उभी असलेली एखादी स्टँडर्ड हेराल्ड घरच्या घरी चालती करायची आणि पुढे चालतीच ठेवायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. तो लहान वाटेल. पण त्यात हात घातलेल्या माणसाला ठाऊक असतं की गाडी एकदा चालू करणं सोपं असतं. ती दहा पावसाळे टिकवणं, हे खरं काम.

हेराल्डच का, हे आधी सांगायला हवं. साठच्या दशकात आपल्याकडे मोटार घ्यायची म्हणजे तीनच नावं होती: अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड. अँबॅसडर सरकारी कचेऱ्यांत आणि आमदारांच्या दारात दिसायची. फियाट आपल्या महाराष्ट्राची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडे, आणि पुढे तीच पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर ठेवलं, त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिचे जाणकार आजही सापडतात. हेराल्डच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. मद्रासजवळच्या कारखान्यात १९६१ पासून ती तयार होऊ लागली आणि दहाएक वर्षांत थांबली. नंतर आलेल्या गझेलमध्ये इंजिन तेच होतं, पण मागचा ॲक्सल बदलला होता. म्हणजे हेराल्ड थोडी निघाली, त्यातली थोडी उरली, आणि जी उरली तिच्यावर मराठीत लिहिलेलं हाताशी काहीच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही दिसायला साधी घरगुती गाडी आतून स्पोर्ट्स कार आहे. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचा आकार इटलीतल्या तुरीन शहरातल्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी काढला होता. तिचीच चासी आखूड करून, तिचीच पुढची चाकजोडणी आणि तिचाच मागचा आडवा पाटा वापरून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार निघाली. १९८० पर्यंत तिच्या तीन लाखांवर गाड्या विकल्या गेल्या, आणि आज जगात घरी दुरुस्त केल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांत तिचं नाव फार वरचं आहे. स्पिटफायर आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसली, पण तिची थोरली बहीण विदर्भातही पोचली. स्पिटफायरच्या मालकांनी पन्नास-साठ वर्षांत जमवलेलं ज्ञान आणि त्यांच्यासाठी आजही तयार होणारे बरेच सुटे भाग हेराल्डवाल्याच्या कामाला येतात. हा फायदा अँबॅसडरवाल्याला नाही.

आता ती घरी दुरुस्त करता येते, ते कशामुळे? त्या काळात बहुतेक नव्या गाड्यांचं अंग आणि सांगाडा एकजीव होऊ लागला होता. हेराल्डची चासी मात्र वेगळी राहिली. स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्खी बॉडी दाबून देणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला, तेव्हा हॅरी वेबस्टर आणि त्यांच्या मंडळींनी बॉडीचे लहान लहान तुकडे केले, ते निरनिराळ्या ठिकाणी बनवून घेतले आणि चासीवर बोल्टने बसवले. अडचणीतून निघालेली ही तोड साठ वर्षांनी आपल्या पथ्यावर पडली आहे. पुढचा सगळा भाग, म्हणजे बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि दिवे, एका उचलीत पुढे कलंडतो. इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या चाकावर बसून प्लग बदलता येतात, कार्ब्युरेटर काढता येतो, स्टिअरिंगचा रॅक डोळ्यांसमोर असतो. खड्डा लागत नाही, लिफ्ट लागत नाही. पक्की जमीन, चांगला जॅक आणि दोन जोड्या मजबूत घोड्या पुरतात. इंजिन ९४८ सीसीचं आणि ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास, त्यामुळे साध्या चेनपुलीने दोन माणसं ते बाहेर घेतात.

वर्ध्यात बसून हे लिहिताना गांधीजींचा एक विचार आठवल्याशिवाय राहत नाही. ते यंत्राच्या विरोधात होते असं सरसकट म्हटलं जातं. पण १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी शिलाईयंत्राला, सिंगरच्या मशीनला, उघडपणे अपवाद मानलं होतं. माणसाच्या हाती राहणारं, घरात चालणारं, माणसाला निकामी न करणारं यंत्र त्यांना मान्य होतं. १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात फिरताना हाच विचार वस्तूंच्या रूपात दिसतो. इथली हत्यारं आणि चरखे जो वापरतो त्यालाच दुरुस्त करता यावेत असे आहेत. मोटार ही चरख्याच्या पंगतीला बसणारी वस्तू नव्हे, हे मला मान्य आहे. वर्ध्यात तर आठवण सांगितली जाते ती जमनालाल बजाज यांच्या बैल जुंपलेल्या फोर्ड मोटारीची, जिला सगळे ऑक्सफर्ड म्हणत. तरीही मालकाला जे उघडता येतं, समजतं आणि स्वतःच्या हाताने सुधारता येतं, ते यंत्र आणि ज्याचं झाकण उचललं की आत फक्त प्लॅस्टिकचं दुसरं झाकण दिसतं, ते यंत्र, यांत फरक आहे. हेराल्ड पहिल्या जातीची आहे. म्हणून ती वाचावी असं मला मनापासून वाटतं.

कामाला हात लावण्याआधी कागद. आरसी बुक, जुना टॅक्स, मूळ मालक वारला असल्यास वारसाची कागदपत्रं. आणि चासी नंबर व इंजिन नंबर या कागदांशी जुळतात की नाही. गंजलेल्या नंबराच्या पट्टीवर वायर ब्रश मारू नका. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलकेच पुसा आणि पेन्सिलने कागदावर ठसा घ्या. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. आपल्याकडची प्रत्येक हेराल्ड आता पन्नाशीच्या पुढे आहे, म्हणजे वयाची अट पुरी होते. पण या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठी नेणं इतकीच मुभा. ज्याला दर रविवारी बोर धरणाकडे चक्कर मारायची आहे त्याने एमएच ३२ ची साधी नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवणं बरं. दुसरी गोष्ट, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला तर व्हिंटेजचा दर्जा मिळत नाही. हेराल्डमध्ये मारुतीचं इंजिन घालून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना नकार द्या. तिचं इंजिन गेलं की उरतो तो पत्रा.

पहिल्या दिवसापासून पाळायचा क्रम असा की रंग सगळ्यात शेवटी. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि पुढची चाकजोडणी, मग पेट्रोलची टाकी आणि नळी, मग वायरिंग, मग इंजिन. लोक नेमकं उलटं करतात. गाडी डेंटिंग-पेंटिंगला देतात, लांबी भरून घेतात, आणि सहा महिन्यांनी नव्या रंगाखालून गंज फुगून येतो. दुसरी सवय म्हणजे उत्साहात सगळी गाडी एकदम खोलणं. बॉडी चासीवरून उचलण्याआधी दरवाज्यांच्या चौकटींना आतून आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, नाहीतर कमकुवत झालेली बॉडी वाकते आणि दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. बॉडी आणि चासीच्या मधल्या पत्र्याच्या व रबराच्या चकत्या जिथल्या तिथे, क्रमाने, पिशवीत बांधून नाव लिहून ठेवा. दरवाज्याची फट त्याच ठरवतात. एका वेळी एकच भाग खोला, तो पुरा करा, बसवा आणि मग पुढचा. निम्म्या गाड्या गंजाने मरत नाहीत. त्या खोक्यांमध्ये मरतात.

एक जागा मात्र मी इथे सविस्तर सांगणार आहे, कारण ती जिवाशी संबंधित आहे. पुढच्या चाकाला धरणारा जो उभा पोलादी दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते आटे पितळी ट्रनियनमध्ये बसतात, आणि स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवरच फिरतो. चाकाचा सगळा भार तिथे येतो. कंपनीच्या पुस्तकात या जागी ग्रीस नव्हे, घट्ट गिअर ऑइल घालायला सांगितलं आहे, आपल्या दुकानात ज्याला ९० नंबर म्हणतात ते. पण कुठल्याही सर्व्हिस सेंटरवर "ग्रीसिंग करून द्या" म्हटलं की पोरगा ग्रीसगन घेतो आणि दिसेल त्या निपलला ग्रीस दाबतो. ग्रीस आट्यांत पुरतं पोचत नाही. पोचलेलं काही वर्षांत वाळतं, वाटेने पाणी शिरतं, आणि पितळाच्या आत लपलेला पोलादी दांडा गंजून बारीक होतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस गल्लीत गाडी वळवताना तो तुटतो आणि चाक आडवं होतं. हेच रस्त्यावर साठच्या वेगात झालं तर काय, हे सांगायला नको.

म्हणून जुनी हेराल्ड हाती आली की या दोन्ही बाजू खोला. दांडा ट्रनियनमधून फिरवून बाहेर काढा, केरोसिनने धुवा आणि आट्यांच्या मुळाशी बोट फिरवा. तिथे खाच, खड्डा किंवा पायरी लागली तर दांडा बदला. त्यात तडजोड नाही. ट्रनियन झिजलं असेल तर नवीन मागवा; स्पिटफायरवाल्यांसाठी ते आजही बनतं. परत जोडताना ट्रनियनच्या अंगाला असलेला छोटा प्लग काढून तिथे निपल बसवा, एक वेगळी ग्रीसगन फक्त या तेलासाठी ठेवा आणि वरच्या सीलमधून तेल पाझरेपर्यंत दाबा. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हे करा. दहा मिनिटांचं काम आहे. एका हेराल्डची पुढची दोन्ही चाकं उतरवून हे काम करताना ज्याने शेजारी उभं राहून पाहिलं आहे, तो ते पुन्हा विसरत नाही.

मागच्या बाजूला दुसरा स्वभाव आहे. मागची चाकं एका आडव्या पाट्याला लटकलेली, प्रत्येक स्वतंत्र. वळणावर जोरात जाऊन ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर बाहेरचं चाक आत दुमडायला बघतं आणि शेपटी घसरते. स्पिटफायरमध्ये हा दोष १९७० साली पाटा बदलून कमी केला गेला. आपल्या हेराल्डला तो बदल मिळाला नाही. त्यामुळे वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात हलकं ॲक्सिलरेटर ठेवा. थकलेला पाटा लेव्हल करून घेतला की गाडी पुष्कळ शहाण्यासारखी वागते.

वर्ध्याच्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत कुठून असणार? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तापल्या इंजिनाजवळच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप रिकामा फिरतो आणि गाडी चढावर बंद पडते. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात. दोष नळीच्या वाटेचा असतो. नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, पंपाखालची उष्णता अडवणारी चकती जागेवर आहे का पाहा, आणि रस्त्यात अडलात तर पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. भांड्यावर जो पांढरा थर चढतो तोच इंजिनाच्या आत चढतो आणि मग उन्हाळ्यात हेड गास्केट जातं. पावसाचं गाळलेलं किंवा बॅटरीचं पाणी आणि त्यात कूलंट. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जाणं-येणं असेल तर रेडिएटरच्या जाळीत रुईचे तंतू अडकतात. मागून पुढे पाण्याचा हलका फवारा मारून ती मोकळी करा.

आणि काळी माती. कोरडी असताना ती धुळीसारखी सगळ्या सांध्यांत शिरते, ओली झाली की धरून बसते. चासीच्या बाहेर निघालेल्या हातांवर, दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीत, मागच्या चाकांच्या कमानीत ती महिनोन्‌महिने ओल धरते आणि पत्रा आतून खाते. पावसाळ्यात शेतातून आलेली गाडी वरून पुसून भागत नाही. नळी खाली घालून चासी धुवायची आणि पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करायची. दिवाळीनंतर सगळं कोरडं झालं की पोकळ जागांत पातळ केलेलं तेल फवारायचं.

पेट्रोलही बदललं आहे. शिसं २००० सालीच गेलं. हेड उघडलंच तर व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर फुगवतं, हवेतली ओल ओढतं आणि टाकीला आतून गंज चढवतं. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, पंपाचा डायफ्राम त्याच प्रतीचा घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून बॅटरीला बंद करायचा मुख्य खटका लावाच. हेराल्डच्या वायरिंगमध्ये फ्यूजचं संरक्षण फार थोडं आहे. काही गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, ते पाहिल्याशिवाय रेडिओ किंवा चार्जर जोडू नका.

माणसांचं काय? हेराल्ड ओळखणारे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्या पोरांनी स्कॅनर लावून गाड्या तपासायचं शिक्षण घेतलं आहे, त्यांना पॉइंटची फट फिलर गेजने लावणं ठाऊक असेलच असं नाही. ती तुम्हीच शिका: पॉइंट पंधरा थाऊ, प्लग पंचवीस थाऊ. पाने इंची लागतील, मिलिमीटरचे बसवून नटांचे कोपरे गोल करू नका. पण लेथवाल्याला धरून ठेवा. आपल्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांवर हात बसलेले लेथवाले आहेत. नमुना हातात दिला की गनमेटलचा बुश असा काढून देतात की परदेशातून मागवायची गरज उरत नाही. त्यांच्याकडे जाताना घाई नेऊ नका आणि घासाघीस करू नका.

घरच्या माणसाने स्वतःची मोटार खोलावी यासाठी लिहिलेल्या पुस्तकांचं नातंही स्पोर्ट्स कारशीच आहे. इंग्लंडच्या हवाई दलातले जॉन हेन्स एडनला असताना त्यांनी एका सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचं इंजिन खोललं. कंपनीचं पुस्तक सामान्य माणसाला कळणारं नव्हतं, म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढत गेले. १९६६ साली त्याचं पुस्तक झालं आणि ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. ही पुस्तिका त्याच वाटेवरची आहे. फक्त तिच्यात बोअरचं पाणी आहे, काळी माती आहे आणि मे महिना आहे.

गाडी तयार झाल्यावर ती कुठे चालवायची, यावरही माझं मत स्पष्ट आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, येळाकेळीजवळून त्यावर चढताही येतं. तिथे नेऊ नका. ताशी एकशेदहाच्या पुढे न जाणारी, ड्रम ब्रेकची गाडी एकशेवीसच्या रहदारीत घालणं हा तिच्यावर आणि मागून येणाऱ्यावर अन्याय आहे. सकाळी पवनारला धाम नदीपर्यंत, नाहीतर हिंगणीमार्गे बोर धरणाकडे, पन्नास-साठच्या वेगाने. पंचवीस फुटांच्या वर्तुळात फिरणारी ही गाडी वर्ध्याच्या जुन्या गल्ल्यांत आजही नव्या गाड्यांपेक्षा सहज वळते. पंधरवड्यातून एकदा तरी इंजिन पुरतं तापेल इतकी चालवा. बंद ठेवलेल्या गाडीचे ब्रेक सिलिंडर अडकतात, क्लच प्लेट चिकटते, सील सुकतात. जपून ठेवलेली गाडी अशीच संपते.

ही पुस्तिका वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या किंवा नातलगांच्या घरी एखादी हेराल्ड उभी असेल, तर कबाड्याला बोलावण्याआधी एकदा तिचं बॉनेट पुढे कलंडवून पाहा. येत्या पावसाळ्याआधी तिची चाकं जमिनीवरून उचलून खाली विटा लावा, टाकी रिकामी करा, बॅटरी सोडवा आणि आरसी बुक शोधून ठेवा. त्यानंतर पुस्तिकेचं पहिलं प्रकरण उघडा; ते ट्रनियनवर आहे.